सात नंबरचे हात

ताईला हल्ली गजराच्या आधीच जाग यायची. डोळे उघडले की ती पहिल्यांदा बोटं हलवून बघायची. बोटं हलायची, नाही असं नाही, पण रुसलेल्या मुलासारखी, दहादा विनवल्यावर. मूठ वळायला घेतली की अर्ध्यावरच अडायची. पलंगावरून पाय खाली टेकला की तळव्याखाली कुणी खडे पसरून ठेवल्यासारखं वाटायचं. मग ती न्हाणीघरात जाऊन कोमट पाण्याच्या धारेखाली दोन्ही हात धरून उभी राहायची, आणि दारातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहायची. सुरुवातीला दहा मिनिटांत हात मोकळे व्हायचे. मग वीस मिनिटं लागू लागली. आता तास उलटला तरी बोटांतलं जडपण हटत नव्हतं. आई साडेसहाला उठायची, त्याआधी हात बोलते व्हायला हवेत, एवढ्यासाठी ही सगळी धडपड.

बोलते म्हणजे अगदी शब्दशः बोलते. आई जन्मापासून बहिरी. ताई तोंडाने बोलायला लागली त्याआधीच हातांनी बोलायला लागली होती. पाच वर्षांची असताना ती दूधवाल्याचं आईला आणि आईचं दूधवाल्याला सांगायची, आणि मध्ये आपल्या पदरचंही थोडं घालायची. पुढे तेच तिचं काम झालं. कोर्टात, दवाखान्यात, शाळांत, जिथे बहिरी माणसं अडतात तिथे दुभाषी म्हणून तिला बोलावणं यायचं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी तिच्या पायाला भिंगरी होती. लग्न केलं नव्हतं. आईने हातमोजे शिवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यापासून दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. धाकटा भाऊ दोन तासांच्या अंतरावर.

आईला सकाळी गप्पा लागत. रात्री काय स्वप्न पडलं, समोरच्या गॅलरीतल्या बाईने आज कपडे किती वाजता वाळत टाकले, सगळं ती चहाबरोबर सांगायची. ताई एरवी तेवढ्याच हौसेने उत्तरं द्यायची. पण गेले दोन महिने सकाळी तिचे हात छोटे, तुटक चालत होते. एखाद्या गोष्टीला तीन-चार हालचाली लागत असतील तर ती एकीवर भागवायची. आणि तुटक हात म्हणजे चढा आवाज, हे या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

"रागावलीस?" आई विचारायची.

"नाही."

"मग असं का बोलतेस?"

"कसं?"

आई कप उचलायची आणि खिडकीपाशी जाऊन बसायची. दुपारनंतर ताईचे हात सैल होत. संध्याकाळी ती घरी आली की दिवसभराच्या सगळ्या गमती सांगायची, अगदी न्यायाधीशांच्या जांभईसकट. आई बघून घ्यायची आणि मनात गणित मांडायची. संध्याकाळी गोड आणि सकाळी कडू, म्हणजे सकाळच्या घाईत म्हातारीची अडचण होते. गणित चुकीचं होतं, पण रीत बिनचूक होती.

ताई मात्र कुणालाही ताकास तूर लागू देत नव्हती. खरं तर तिला सगळं ठाऊक होतं. मागच्याच वर्षी एका बहिऱ्या माळीकाकांबरोबर ती सांधेदुखीच्या डॉक्टरांकडे गेली होती. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले राहतात? अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त? दोन्ही हातांना सारखंच होतं? बोटांच्या मुळाशी सूज येते? अंगात कणकण, उगाचच थकवा? हा एकेक प्रश्न तिने स्वतःच्या हातांनी माळीकाकांपुढे मांडला होता. त्याच हातांना आज त्याच प्रश्नांची उत्तरं ठाऊक होती. म्हणून ती स्वतःशी वाद घालत होती. थंडी आहे. हात उशाखाली येत असेल. इतकी वर्षं हात वापरले, झिजणारच. आणि हा म्हातारपणाचा आजार, माझं काय वय आहे?

त्या मंगळवारी कोर्टात सकाळी दहाची तारीख होती. साक्षीदार होता एक बहिरा सुतार, तोंडाळ नव्हे पण हाताळ म्हणावा असा बोलका माणूस. वकिलाचा प्रश्न ताईने त्याला सांगितला. त्याने तिच्या हातांकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"ताई, आज तोंडात घास ठेवून बोलताय का?"

ती हसली. पुन्हा सांगितलं, मोठ्या हालचाली करून. सुतार म्हणाला, "आता ओरडताय."

न्यायाधीशांनी विचारलं, साक्षीदार काय म्हणतो. ताईने इमानदारीने दोन्ही वाक्यं सांगितली. कोर्टात हशा पिकला. ती खाली बघून बोटं चोळत राहिली. परत येताना बसच्या दांडीला तिने मनगट अडकवलं होतं, बोटं नव्हे. नोकरी गेली तर बघता येईल, कुठे शिकवता येईल. पण ही बोटं आखडून बसली तर आईशी कसं बोलायचं? आईला ओठ वाचता येत नव्हते, लिहून बोलायचा तिला कंटाळा होता. तिच्याशी पोटभर बोलणारं माणूस आता एकच उरलं होतं.

रविवारी सकाळी सात वाजता भावाचा फोन आला.

"ताई, आईशी काय भांडलीस?"

"मी? काही नाही."

"मग तिने मला रात्री निरोप का पाठवला, घेऊन जा म्हणून? मी निघालोय. नऊपर्यंत पोचतो. आणि ऐक, तिचं काही चुकलं असेल तर तू मोठी आहेस."

ताई आतल्या खोलीत गेली. पलंगावर बॅग, जवळजवळ भरलेली. आई साड्यांच्या घड्यांवर शाल दाबून बसवत होती. ताईने दिवा दोनदा बंद-चालू केला तशी तिने वर पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"थोडे दिवस त्याच्याकडे राहते. तुला मोकळं वाटेल."

ताईला खूप काही सांगायचं होतं. पण सात वाजले होते आणि हात अजून लाकडी होते. तिने सुरुवात केली. तुझ्यामुळे नाही. मी रागावले नाही. सकाळी माझे... इथे बोटं अडली. तिने पुन्हा केलं, पुन्हा अडली. मग तिने हात खाली टाकले.

आई बघत होती. आयुष्यभर तिने या हातांतला अर्थ पाहिला होता, आज पहिल्यांदा तिने हात पाहिले. एकतीस वर्षं तिने हेच केलं होतं. माणूस कारखान्याच्या दुकानात शिरला की तोंड बघण्याआधी त्याच्या मोज्याचा नंबर सांगायची, पंजाचा घेर जितके इंच तेवढा नंबर.

ती जवळ आली. ताईची दोन्ही मनगटं धरून तिने हात उजेडात नेले, पालथे केले. मग बॅगेकडे वळली. शाल काढली, साड्या काढल्या, औषधाची पिशवी काढली, सगळं पलंगावर टाकलं. तळाशी शिवणाचा डबा होता, त्यात कारखान्यातली मऊ पडलेली मापाची टेप. अंगठा सोडून तिने टेप ताईच्या बोटांच्या मुळांवरून गुंडाळली.

"सव्वासात इंच." मग दुसरा हात. "सव्वासात. तू विसाव्या वर्षापासून सात नंबर आहेस. दर थंडीत मीच शिवलेत तुझे मोजे."

"थंडीने..."

"थंडीने हात आकसतात, सुजत नाहीत. आणि मार लागला तर एक सुजतो. दोन्ही सारखे कसे सुजले? किती दिवस?"

"दोन महिने."

"दोन महिने, आणि मी बॅग भरतेय." आईचे हात आता चांगलेच चढले होते. "जगाची दुखणी डॉक्टरला सांगतेस आणि स्वतःचं मूग गिळून बसतेस. कारखान्यात माझ्या शेजारी बसणारी कातरवाली आठवते? ती पण म्हणायची, कात्रीने दुखतं. दोन वर्षांनी गेली डॉक्टरकडे. तोवर तिची बोटं वाऱ्यात कललेल्या गवतासारखी झाली होती."

भाऊ नऊला पोचला तेव्हा पलंगावर कपड्यांचा ढीग होता आणि आई एका कागदावर रेघा मारत होती. "बॅग?" त्याने विचारलं. आईने त्याला हाताने ढीग दाखवला आणि घड्या घालायला बसवलं.

डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली. तोवर आई रोज दोनदा टेप घेऊन यायची, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. कागदावर डावा, उजवा, आणि मूठ पूर्ण वळायला लागलेली मिनिटं. माप सकाळी सव्वासात इंच, संध्याकाळी सातच्या जरा वर. मिनिटं पंचाहत्तर, ऐंशी, पंचाहत्तर. ताई चिडायची. आकडे नसते तर अजूनही थंडीवर ढकलता आलं असतं.

डॉक्टरबाईंनी ताईच्या हाताचा पंजा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला. ताईने श्वास आत ओढला. मग त्यांनी कागद वाचला, दोनदा.

"हा कुणी केला?"

ताईने आईकडे बोट दाखवलं.

"लक्षणं संधिवाताचीच दिसताहेत. झिजेचा नव्हे, सुजेचा. तो कुठल्याही वयात होतो. रक्त तपासू, पण सुरुवातीला रक्तात दरवेळी सापडतोच असं नाही, म्हणून हा कागद मला फार कामाचा आहे. औषधं लगेच सुरू केली तर सांधे बिघडायच्या आत त्याला आवरता येतं, बहुतेकांना. शब्द मी देत नाही. पण तुम्ही वेळेत आलात."

आई दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. "काय म्हणतात?"

ताई वळली. हे वाक्य तिने दुसऱ्यांसाठी कितीदा सांगितलं होतं. दुपारचे तीन वाजले होते, हात बऱ्यापैकी चालत होते. तिने सगळं सांगितलं. "बहुतेकांना" सुद्धा वगळलं नाही, आणि पदरचं काहीच घातलं नाही.

आईने बघून घेतलं. "सकाळच्या तारखा दुपारी मागून घे," ती म्हणाली. "आणि सकाळी बोलायचं मी. तू नुसती मान हलव."

दुसऱ्या दिवशी ताई पहाटे उठली नाही. जागी होती, पण पडून राहिली. साडेसहाला आई गरम पाण्यात पिळलेला टॉवेल घेऊन आली आणि तिचे दोन्ही हात त्यात गुंडाळून आपल्या हातांत धरून बसली. या घरात कुणी कुणाचे हात असे धरत नसे, कारण मग दोघींनाही बोलता येत नाही. ताईची नजर घड्याळाकडे गेली. आईने मान नकारार्थी हलवली. टॉवेल निवत आला तरी तिने हात सोडले नाहीत.