मागचं डावं दार

"आधी दार लावा. ऐका. मग बोला की."

गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सर एवढंच सांगायचे. सांगून मान जराशी कलती करायचे आणि डोळे मिटायचे. दार लागलं, ठप्प असा जाडसर आवाज झाला, की डोळे उघडून मगच किल्ली फिरवायचे. तेवढ्या वेळात गाडीत कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. मागं बसलेल्या काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दर वेळी वैतागून म्हणायच्या, "दार हाय ते. लागलं. चला आता."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाचा जीव घड्याळात असतो, कुणाचा जुन्या रेडिओत. सरांचा एका अमेरिकन कंपनीच्या गाडीत होता. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. सरांसमोर ते घेतलं की तासभर इतिहास ऐकावा लागायचा, त्यामुळं ते टाळायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही.

मी विमा सर्व्हेअर. ठोकलेली गाडी बघायची, फोटो काढायचे, चॅसीचा नंबर टिपायचा आणि दुरुस्त होईल की भंगारात जाईल ते लिहून मोकळं व्हायचं. गाडीचा मालक शेजारी उभा राहून रडत असला तरी माझं टिपणं चालू असतं. या धंद्यात तसं व्हावंच लागतं. सर चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. निम्म्या सोलापूरला त्यांनी फुलदाणी काढायला शिकवली होती आणि त्यातल्या बहुतेकांना ती शेवटपर्यंत आली नव्हती.

आमची ओळख झाली ती करकंबच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीला मागून उसाची ट्रॉली धडकली म्हणून. डिकी आत गेली होती, उजवी बाजू चेपली होती. कंपनीनं तेव्हा भारतातला कारखाना बंद करायचं नुकतंच जाहीर केलं होतं आणि सुटे भाग मिळायचे कमी झाले होते. मी लिहिलं, दुरुस्तीच्या पलीकडे. दुसऱ्या दिवशी सर तो कागद घेऊन माझ्या ऑफिसात आले. भांडले नाहीत. मला स्कूटरवर मागं बसवून गॅरेजला घेऊन गेले आणि गाडीचं मागचं डावं दार उघडून लावलं.

"ऐकलं?"

मी म्हटलं, दार चांगलं आहे, पण बाकीचं काय?

"मग सुरुवात हितनं करा की," सर म्हणाले. "तुमी मोडलेलंच बघायला शिकलाय. काय शिल्लक हाय ते बघत न्हाई."

विम्याच्या नियमात हे बसत नव्हतं आणि मी माझा रिपोर्ट बदलला नाही. सरांनी दावा सोडून दिला आणि गाडी स्वतः उभी करायला घेतली. चार महिने लागले. डिकीचं झाकण जेऊरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून आलं, त्याच्या दोन गाड्यांतली एक पुढून चेपली होती. उजवी बाजू दुधनीच्या तूर व्यापाऱ्यानं त्याच्या पडून असलेल्या दुसऱ्या गाडीची दिली. त्याच्याकडं आम्ही गेलो तेव्हा तो "बर्री सर, बर्री" असं कानडीत या-या म्हणत दारात आला आणि आधी जेवायला बसवलं, मग गाडी दाखवली. एवढा वेळ गाडीविषयी बोलणारा माणूस त्यालाही पहिल्यांदाच भेटला असावा.

आता 'आम्ही' का, ते सांगतो. कंपनी जाणार म्हटल्यावर तिच्या उरलेल्या गाड्या स्वस्तात निघाल्या आणि मी, सगळ्यांना शहाणपण शिकवणारा सर्व्हेअर, त्यातली एक पांढरी घेऊन बसलो. सरांचंच मॉडेल. त्यांची लाल होती. सर माझ्याकडं बघून हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. फक्त म्हणाले, "आता आमच्यात आलात."

त्यांच्यात म्हणजे सरांच्या वहीत. जिल्ह्यात या कंपनीच्या गाड्या कुठं कुठं आहेत, कुठली चालती, कुठली उभी, उभीचा कुठला भाग चांगला, हे सगळं सरांनी एका जाड चित्रकलेच्या वहीत मांडलं होतं. लिहून नाही, काढून. गावाकडच्या मालकांना भागांची नावं माहीत नसतात, चित्र बघून ते बोट ठेवतात, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं होतं. आरसा, दिवा, दाराची कडी, खाली गाव. प्रत्येक चित्र जागेवर जाऊन, समोर बसून काढलेलं. वहीच्या पहिल्या पानावर, शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायचे त्या अक्षरात एकच नियम होता. चालत्या गाडीचा हक्क पहिला.

हा नियम सर फार कडकपणे पाळायचे. एकदा जेऊरहून एक चांगला दिवा हाती आला. सरांचा स्वतःचा एक दिवा धुरकट झाला होता, पण लागत होता. दुधनीच्या व्यापाऱ्याचा फुटला होता. दिवा दुधनीला गेला. करकंबच्या एका डॉक्टरांनी अंगणात उभी असलेली गाडी शोभेला नीट दिसावी म्हणून चाकांच्या टोप्या मागितल्या, त्यांना सरांनी तोंडावर नाही म्हणून सांगितलं. डॉक्टर वर्षभर बोलत नव्हते.

दुधनीहून परत येताना त्यांनी मला दाराची गोष्ट सांगितली. इतिहास नेहमीसारखाच सुरू झाला होता. या कंपनीच्या गाड्या स्वातंत्र्याच्या आधी पेट्यांत भरून बोटीनं मुंबईला यायच्या आणि इथं जोडल्या जायच्या. मग कंपनी निघून गेली. चाळीसेक वर्षांनी परत आली आणि पुन्हा गेली. "दोनदा आली, दोनदा गेली," सर म्हणाले. मी मान डोलवत होतो. मग ते वडिलांवर आले.

सरांचे वडील इथल्या एका गिरणीच्या मॅनेजरचे ड्रायव्हर होते. गाडी याच कंपनीची, लांबलचक, पेटीतून आलेली. साहेब आले की वडिलांनी मागचं डावं दार उघडायचं, साहेब बसले की लावायचं आणि पळत जाऊन पुढं बसायचं. गाडी विकली जाईपर्यंत त्यांनी ते दार बाहेरून लावलं. मागं कधी बसले नाहीत. सरांनी नोकरीच्या शेवटी शेवटी ही छोटी लाल गाडी घेतली ती त्यासाठी. वडील तेव्हा ऐंशीच्या पुढं. त्यांना धरून मागं डावीकडं बसवलं आणि सरांनी बाहेरून दार लावलं. 

"आतनं आवाज येगळाच येतोय रं," वडील म्हणाले. "परत लाव."

सरांनी परत लावलं. मग आणखी दोनदा. त्याच वर्षी वडील गेले. ते दार मी कुणाला देणार नाही, सर म्हणाले. माझ्यासारख्या माणसालाही तेव्हा इतिहास चालू राहिला असता तर बरं असं वाटलं.

पुढं सरांना काचबिंदू निघाला. चित्रकलेच्या माणसाला व्हावा असा आजार नव्हे, पण आजार विचारून येत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. पुण्याचा मुलगा म्हणाला, गाडी विकून टाका. घेणार कोण? लाल गाडी अंगणात लिंबाखाली उभी राहिली आणि सरांच्याच नियमानं आता ती उभ्या गाड्यांत जमा झाली.

त्यांनी वही काढली आणि स्वतःच्या गाडीसमोर स्टूल टाकून बसले. रोज सकाळी एक भाग. कागद नाकाला लागेल इतका जवळ धरून काढायचे. रेषा थरथरत होत्या, पण मोजमाप चुकत नव्हतं. आरसे जेऊरला गेले, बॅटरी दुधनीला. मागचं डावं दार मात्र वहीत नव्हतं. त्याच्यासाठी सोडलेलं पान मी पाहिलं होतं. वर नुसता पानाचा आकडा, खाली कोरं.

आणि मग आमच्या गल्लीत पाण्याच्या टँकरनं मागं घेताना माझी गाडी दाबली. नेमकं मागचं डावं दार. माझी आई आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला जायची, पाय लांब करून मागंच बसायची. दार दोरीनं बांधलेलं, त्यामुळं तिला उजवीकडून, रस्त्याच्या बाजूनं, वाहनं चुकवत चढावं लागायचं. एकदा एक रिक्षा तिला घासता घासता राहिली. मी माझ्याच गाडीचा रिपोर्ट लिहिला. दार बदलणे आवश्यक, दार उपलब्ध नाही. ते कुठं उपलब्ध आहे हे मला ठाऊक होतं. सरांना कळवायचं नाही असं मी ठरवलं. पण गॅरेजच्या मिस्त्रीला तेवढं सांगायचं राहिलं. सरांचा फोन आला.

"दार गेलं म्हणं तुमचं."

मी म्हटलं, पुण्यात मिळालंय.

"कुणाकडं?"

पुण्यातले जुन्या भागांचे सगळे दुकानदार सरांना नावानिशी पाठ होते. मला एकही नाव सुचलं नाही.

"नियम माझा हाय," ते म्हणाले. "माझी उभी हाय, तुमची चालतीय. उद्या सकाळी मिस्त्रीला घेऊन या."

मी म्हटलं, सर, ते दार नको.

"का? आवाज काय माझ्याच गाडीत येतो व्हय?"

सकाळी गेलो तर सर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. काकू दारात उभ्या होत्या. मिस्त्रीनं नटबोल्टचे पाने काढले आणि विचारलं, "निकालूं क्या, सर?" सरांनी हातानं थांबवलं. मागचं डावं दार उघडून ते आत बसले आणि मला म्हणाले, बाहेरून लावा.

मी लावलं. काचेतून दिसत होतं, त्यांनी डोळे मिटले होते. बराच वेळ उघडले नाहीत. मिस्त्री उगाच पाने पुसत राहिला. मग सर उतरले.

"खरंच येगळा येतो आतनं," ते म्हणाले. "मी कायम फुडं. हितं कधी बसलोच न्हवतो."

दार निघालं, माझ्या गाडीला बसलं. मला वाईट वाटलं, हे सरळच लिहितो. इतक्या वर्षांत गाडीचा एक भाग निघताना बघून वाईट वाटलं ते एवढंच. सरांनी त्याच दिवशी वहीतलं कोरं पान भरलं. दार थोडं वाकडं आलंय, एक रेघ पानाबाहेर गेलीय. खाली गावाच्या जागी माझं नाव.

त्यानंतर सर सात महिने होते. पावसाळ्यात साधा ताप आला आणि उतरलाच नाही. लाल गाडीचं जे उरलं होतं ते मुलानं भंगारात दिलं. वही माझ्याकडं आहे. जेऊरचा फोटोग्राफर आणि दुधनीचा व्यापारी अजून फोन करतात, मी पान उघडून बघतो आणि सांगतो. माझी चित्रं अर्थातच त्या निम्म्या सोलापूरसारखी येतात. पांढऱ्या गाडीचं लाल दार मी रंगवलं नाही. सिग्नलला लोक विचारतात, धडक झाली होती का? मी हो म्हणतो.

गेल्या महिन्यात काकूंना पेन्शनच्या कागदांसाठी जिल्हा परिषदेत न्यायचं होतं. गाडी त्यांच्या दारात उभी केली. त्या पुढं बसतील म्हणून मी पुढचं दार उघडलं, पण त्या मागं गेल्या, लाल दार उघडून बसल्या आणि लावून घेतलं. मी किल्लीला हात घातला.

"थांबा जरा," काकू म्हणाल्या. "परत लावते."

मी किल्लीवरचा हात काढला.