उजव्या हाताचा शब्द

आखात्स फॉन डार्गिटनला एका जागी बसणं जन्मात जमलं नाही. जेवताना त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलायचा, चर्चमध्ये प्रवचन लांबलं की टाचा वाजायच्या. एकोणिसाव्या वर्षी तो पहिल्या महायुद्धात गेला आणि दोघे थोरले भाऊ तिथेच पुरून परतला. तेव्हा पूर्व प्रशियातली बापजाद्यांची जहागीर ध्यानीमनी नसताना त्याच्या गळ्यात पडली. तापट, हट्टी, पण शब्दाचा पक्का, असं गडीमाणसं त्याच्याबद्दल म्हणत. दुसरं युद्ध आलं आणि घोडदळाच्या या कप्तानाने पुन्हा गणवेश चढवला.

पंचेचाळीसच्या जानेवारीत उजव्या हाताला जखम होऊन तो पाच दिवसांच्या रजेवर घरी आला. पूर्वेकडून तोफा ऐकू येत होत्या. तरी गाव सोडायला बंदी होती. सामान बांधेल तो फितूर, असा वरचा हुकूम. चार दिवस आखात्स परवानगीसाठी टेलिफोनला चिकटून बसला, मध्येच उठून येरझारा घालत राहिला. घराला आग लागली तरी बादली उचलायला लेखी आज्ञा मागायची, ही आमची प्रशियन खोड. तिच्यापायी त्याने चार दिवस मातीत घातले आणि त्याची त्याला मनस्वी लाज वाटत होती. पाचव्या सकाळी तो अंगणात आला.

"गाड्या जुंपा. परवानगी मी देतोय."

कोणी हललं नाही. डार्गिटनच्या या जहागिरीत दर नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, हंसाचं जेवण झालं की धनी प्रत्येक घराला उजवा हात देतो. कुळाने वर्षभर राबायचं, धन्याने छप्पर आणि धान्य द्यायचं. मध्येच सुटायचं तर तोच हात पुन्हा द्यावा लागतो.

"हात दिला होता ना, धनी?" म्हातारा गाडीवान शिमकाट म्हणाला. त्यानेच आखात्सला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं. "नुसतं तोंडाने सांगून कोणी सुटतं का?"

"रशियन दोन मैलांवर आलेत आणि तुला रीत सुचतेय?"

"रीत मोडायला ते येतच आहेत की. आपण कशाला घाई करायची?"

आखात्सने चिडून डावा हात पुढे केला. स्वयंपाकीण गुस्टेने आपले हात एप्रनखाली घातले. "डाव्या हाताने कुत्र्याला तुकडा टाकतात, धनी. त्याच्यावर मी घर नाही सोडायची."

त्याने जखमी उजवा हात गळ्यातल्या झोळीतून उपसून काढला. एकूण अकरा घरं होती. जो तो रीतीप्रमाणे हात घट्ट दाबत होता, आणि तिसऱ्या घराला पट्टीतून रक्त आलं. गुस्टे रडत म्हणाली, "हळूच धरते."

"नीट धर बाई, नाहीतर पुन्हा म्हणशील, झालंच नाही."

दुपारी गाड्या भरून उभ्या राहिल्या. धडधाकट पुरुष सगळे आघाडीवर होते. गाड्यांत बायका, पोरं आणि म्हातारे. पुढच्या गाडीवर शिमकाट बसला होता. अकरावं घर त्याचंच. आखात्सने हात दिला. "मोकळा आहेस."

शिमकाटने हात सोडला नाही. "मी झालो मोकळा. तुम्ही नाही झालात."

"माझी रजा आज संपते. पलटणीत हजर झालो नाही तर फास आहे, ठाऊक आहे ना?"

"आहे. पण पुढच्या मार्टिनपर्यंत छप्पर आणि धान्य तुम्ही कबूल केलंय. त्यातून तुम्हाला मीच सोडवायचं. आणि मी नाही सोडत."

आखात्सला आधी राग आला, मग भीती वाटली. पलटणीच्या निशाणापुढे हाच हात वर करून त्याने शपथ घेतली होती, आणि तीस वर्षांत तिच्याआड कोणी आलं नव्हतं. पुढे नदीचा पूल होता. तिथे पहारा असणार आणि त्याच्याशी भांडायला या गाड्यांत कोणी नव्हतं. म्हाताऱ्याच्या पकडीत फारसा जोर नव्हता; एका हिसक्यात हात सुटला असता. त्याने हिसका दिला नाही.

"सरक तिकडे," तो म्हणाला. "लगाम मला एका हाताने धरता येतो."