खालांनी घेतलेली गादी

आमच्या घरमालकीणबाईंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू दुकानदाराला आधी वापरायला लावल्याशिवाय विकत घेतलेली नाही. धाराशिवच्या बाजारात हे सर्वश्रुत आहे आणि त्या येताना दिसल्या, की काही दुकानदार जेवायला निघून जात, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात. त्यांच्या वरच्या मजल्यावर आजवर जितके भाडेकरू राहून गेले, ते सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत, म्हणून आम्हीही खालाच म्हणू लागलो. चप्पल घ्यायची, तर खाला दुकानदाराला तसलाच जोड पायात घालून चौकापर्यंत चालून यायला लावत. एका छत्रीवाल्याला त्यांनी छत्री उघडून उभं केलं आणि वरून बादलीभर पाणी ओतलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मिरचीवाली एकदा म्हणाली, "लई तिखट हाय बगा." खाला म्हणाल्या, "मग खा की एक." तिनं खाल्ली. तिच्या डोळ्यांतून धार लागल्यावर खालांनी समाधानानं पाव किलो मिरची घेतली आणि पिशवीतून गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला. मी पडलो शाळामास्तर. बाजारात त्यांची गाठ पडली, की मी दुकानांच्या पाट्या वाचत पुढं सरकायचो.

दोन वर्षांपूर्वी बायको गच्चीच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिच्या मणक्याला चीर गेली. डॉक्टरांनी तीन महिने पडून राहायला सांगितलं आणि मला बाजूला घेऊन बजावलं, "पाठीला जखमा होऊ देऊ नका. एकदा झाल्या, की लवकर भरत नाहीत." घरातल्या कापसाच्या गादीला मधोमध खड्डा पडलेला. शेजारणीला बायकोजवळ बसवून, अर्ध्या तासात नवी गादी घेऊन येऊ, अशा हिशेबानं मी निघालो, तर जिन्याखाली खाला पिशवी घेऊन उभ्याच. म्हणाल्या, "सर, एकटे जाऊ नका. तुमी भले माणूस. तुमाला कुणीबी कायबी विकल."

पहिल्या दुकानातला मालक तरणा आणि कडक इस्त्रीचा. फोमच्या जाडजूड गादीवर थाप मारून म्हणाला, "ढगावर झोपल्यासारखं वाटतं, मॅडम." खाला म्हणाल्या, "मग झोपा की." तो हसला. मऊपणा, गॅरंटी, धुता येणारं कव्हर, असं बरंच काही सांगू लागला. खालांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बोलायला तोंड लागतं, झोपायला पाठ लागती. तुमी पाठ टेकवा." तो बिचारा आडवा झाला. "आता हात न लावता कूस बदला." त्यानं खटपट केली, पण गादीत रुतल्यामुळं त्याला वळता येईना. शेवटी कोपर टेकवूनच तो वळला. "तुमी धडधाकट असून कोपर लागलं," खाला म्हणाल्या. "आमच्या पोरीच्या मणक्यात चीर हाय. तिनं कशाचा जोर लावायचा?" दुसऱ्या दुकानात काथ्याची गादी होती, फळीसारखी टणक. तिथल्या मालकाला त्यांनी पाच मिनिटं एका कुशीवर ठेवलं आणि तो उठताना खुब्यावरून हात फिरवतोय हे पाहून सरळ चपला घातल्या. त्यांच्यामागून बाहेर पडताना मला कुठं तोंड लपवू, असं झालं होतं.

तिसरं दुकान नवरा-बायको मिळून चालवत होते. मालक पन्नाशीचा, थकलेल्या चेहऱ्याचा. खालांनी सांगितल्यावर तो एका शब्दानंही न अडता आडवा झाला. खाली काथ्या आणि वर दोन बोटं फोम, अशी ती गादी. तो या कुशीवरून त्या कुशीवर सहज वळला. "आता जरा पडूनच राहा," म्हणून खालांनी स्टूल ओढलं. थोड्या वेळानं मालक चक्क घोरू लागला. मी त्याला हलवायला पुढं झालो, तर गल्ल्यावरून त्याच्या बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. हळू आवाजात म्हणाली, "राहू द्या सर. पोरीचं लग्न ठरल्यापासून डोळाच लागला न्हाय यांचा." मग आम्ही तिघं कुजबुजत बसून राहिलो. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, तर खालांनीच दारात जाऊन त्याला थोपवलं, "मालक गादी दाखवायलेत. थांबा जरा." तासाभरानं मालक ओशाळून उठला. खालांनी डॉक्टरच्या गांभीर्यानं विचारलं, "हाताला मुंग्या? कमरेला कळ?" तो म्हणाला, "कायच न्हाय. लई दिवसांनी बरं वाटलं, बाई." ती गादी आम्ही घेतली.

परतताना टेम्पोत खाला माझ्या शेजारी बसल्या होत्या. पुढं रस्त्याकडं बघत त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाई लकव्यानं पडल्या, तवा मी नवी नवरी. दुकानदार म्हणाला, याच्यावर बादशहा झोपतो. मी ऐकलं आन् घेऊन आले. महिन्याभरात त्यांची पाठ सोलून निघाली. चार वर्षं मी ती पाठ धुतली, सर. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला न्हाय. लावला असता तर बरं झालं असतं." बाजारात त्यांना टाळून जितक्या वेळा मी पुढं सरकलो होतो, त्या सगळ्या वेळा मला आठवत राहिल्या. तेवढ्यात टेम्पोला गचका बसला आणि खाला ड्रायव्हरला म्हणाल्या, "दादा, हळू. गादीला लागल."

पुढचे तीन महिने खाला सकाळ-संध्याकाळ जिना चढून वर येत, बायकोच्या पाठीखाली हात सरकवून कुठं ओल आहे का, कुठं गरम लागतंय का, बघत आणि तिला स्वतः कुशीवर वळवत. पाठीला एक ओरखडासुद्धा उठला नाही. बायको पहिल्यांदा भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत गेली, त्या दिवशी खालांनी अख्ख्या गल्लीत शीरखुर्मा वाटला. ईदेला अजून अवकाश होता.

गेल्या वर्षी माझी भूमला बदली झाली. सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीनं धाराशिवला जातो. खालांचे गुडघे आता पार गेलेत. हवं-नको ते त्यांचा मुलगा फोनवरून मागवतो आणि त्या दिवसभर खिडकीशी बसून असतात. मागच्या खेपेला बायकोनं तेलाची वाटी कोमट करून आणली आणि त्यांच्या पायाशी बसायला निघाली. खाला म्हणाल्या, "पोरी, तू वाकू नको." बायको वाकली, खाली बसली आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊन सावकाश गुडघा चोळू लागली. खालांनी पाय मागं ओढायचा एकदा प्रयत्न केला. मग डोक्यावरचा पदर नीट करून त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं आणि तेल जिरेपर्यंत ते तिकडंच ठेवलं.