वाटीतलं पाणी न सांडणारी सायकल

आमच्या घरमालक काकांनी उभ्या आयुष्यात न तपासता घरात घेतलेल्या गोष्टी दोनच. एक काकू आणि दुसरा मी. यातली काकूंची बाब काका मान्य करत नाहीत, पण काकू सांगतात, "मला बघायला आले तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणाले. त्यातली आठ पोहे खाण्यात गेली." बाकी त्या घरातला केरसुणीपासून तूरडाळीपर्यंत आणि गॅसच्या नळीपासून जावयापर्यंत सगळा माल तपासणीतून पास होऊन आलेला आहे. जावयाला तर दोनदा बोलावलेलं, पहिल्या वेळी उजेड पुरेसा नव्हता म्हणून.

काका डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत चौतीस वर्षं क्वालिटीच्या खात्यात होते. रिटायर झाल्यावर माणसं कंपनीतून घड्याळ घेऊन येतात, काका खातंच घरी घेऊन आले. कोथिंबिरीची जुडी घेताना ते वरची काडी कधी बघत नाहीत. वरून एक, मधून एक, तळातून एक अशा तीन काड्या उपसून वास घेतात, कारण वरचा माल दाखवायसाठीच असतो म्हणे. कोपऱ्यावरची भाजीवाली आता त्यांना लांबून येताना बघितलं की जुडी सोडूनच ठेवते. काकूंनी लोणचं घातलं की त्यातल्या चार फोडी एका छोट्या बरणीत जातात आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटते: तारीख, आणि खाली 'राखीव नमुना, उघडू नये'. कंपनीत प्रत्येक घाण्यातला थोडा माल असा बाजूला ठेवत, उद्या गिऱ्हाईकाची तक्रार आली तर ताडून बघायला. मी नवीन असताना विचारलेलं, काका, घरात तक्रार कोण करणार? ते गंभीरपणे म्हणाले, "कोणी करत नाही, म्हणूनच ठेवायचा." अशा अकरा वर्षांच्या बरण्या माळ्यावर ओळीने उभ्या होत्या. त्याच माळ्याखालच्या मागच्या खोलीत मी राहायचो, आणि कधी कधी वाटायचं, आपल्याही पाठीवर अशी चिठ्ठी असेल.

मी वाशीम जिल्ह्यातला. आठवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. गावाकडून फोन आला की उचलायच्या आधीच मी उठून उभा राहतो, आणि कुलूप लावून निघालो की दोनदा परत येऊन ओढून बघतो. असा माणूस ठाण्यात वर्तकनगरच्या एका सायकलच्या दुकानात मेकॅनिक म्हणून लागला आणि दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपायला लागला. काका तिथेच भेटले. ते फुल सस्पेन्शन सायकल बघायला आले होते.

फुल सस्पेन्शन म्हणजे पुढच्या आणि मागच्या, दोन्ही चाकांना धक्के गिळणारी यंत्रणा असलेली डोंगरातली सायकल. ती घेणारी मुलं वीस-बावीसची असतात, हेल्मेटवर कवट्या काढलेल्या. त्यांच्यात इस्त्रीच्या शर्टातले, खिशाला दोन पेनं लावलेले काका बघून दुकानाच्या शेठला वाटलं, नातवासाठी असेल. पण कारण वेगळं होतं. काका पंचवीस वर्षं दर रविवारी साध्या काळ्या सायकलीवर डोंबिवलीहून मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत जायचे. शेवटचा मैल-दीड मैल कच्चा, दगडगोट्यांचा. तिथे एका आंब्याखाली बसायचं, गड बघायचा, परत यायचं. एका रविवारी खड्ड्यात चाक गेलं, काका उलटले आणि कमरेची चकती सरकली. डॉक्टरांनी सायकल बंद केली नाही, फक्त धक्के बंद केले. आता कल्याण-डोंबिवलीत राहून धक्के बंद करायचे म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांनीही एकदा सायकलवर बसून बघायला हवं होतं. तेव्हापासून काकांचा आंबा सुटला होता, आणि तो परत मिळवून देईल अशी सायकल ते शोधत होते.

पहिल्याच भेटीत मी घोटाळा केला. मागच्या चाकाचा शॉक, म्हणजे तो नळकांड्यासारखा दट्ट्या, त्यात स्प्रिंगऐवजी हवा भरलेली असते. उघडण्याआधी हवा सोडायची असते. तसं त्यावर लाल अक्षरांत लिहिलंही होतं, पण इंग्रजीत. मी साफ करायला म्हणून झाकण फिरवलं आणि धाडकन आवाज होऊन झाकण छताला लागलं, तेल शेठच्या शर्टावर. दुकानातली सगळ्यात महागडी सायकल मांडी घालून खाली बसली. माझ्या हातातून पाना सुटला. शेठ माझ्यावर ओरडायला तोंड उघडतोय तोवर काका पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "त्याला काही बोलू नका. उघड, असं मी सांगितलं. मला आतला नमुना बघायचा होता."

चौतीस वर्षांत एकही खोटा रिपोर्ट न दिलेल्या माणसाने तो दिलेला. आणि शेठला तो लगेच पटला, कारण काकांकडे बघून कुणालाही पटेल की हा माणूस सायकल घ्यायच्या आधी फोडून बघत असणार. शिवाय गिऱ्हाईक आज ना उद्या घेईल, या आशेवर शेठ गप्प बसला. ती आशा पुढे त्याला तीन वर्षं पुरली. त्याच संध्याकाळी काकांनी मला विचारलं, राहतोस कुठे. पोटमाळ्याकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे. आधार कार्ड नाही, ओळख नाही, तीन काड्या नाहीत. त्या आठवड्यापासून दर रविवारी जेवणानंतर ते मला डबे-बाटल्यांवरची इंग्रजी लेबलं वाचायला लावायचे. फिनेलपासून सुरुवात केली. "लेबल आधी, हात नंतर," हे त्यांचं वाक्य मला आजही पाना उचलताना ऐकू येतं.

तर सायकल. काकांचं बजेट लाखाच्या आत. एक रुपया वर नाही, आणि लेक देत होती तरी तिचा एक रुपया नको. हे बजेट म्हणजे रेल्वेतला मधला बर्थ, धड बसता येत नाही आणि धड उभं राहता येत नाही. स्वस्तातल्या फुल सस्पेन्शन सायकली दिसायला रुबाबदार, पण पॅडल मारलं की उठाबशा काढतात. तुमची निम्मी ताकद त्यांच्या व्यायामात जाते. चांगल्या घ्यायच्या तर लाखावर आणखी तेवढेच ठेवावे लागतात. मी प्रामाणिकपणे सांगितलं, काका, एवढ्या पैशात फक्त पुढे शॉक असलेली सायकल फार छान येईल, हलकी, टिकाऊ. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझी कंबर पुढच्या चाकावर असते का?"

मग सुरू झाली तपासणी. काकांनी लॅबमधला एक जुना चिमटा सायकलच्या हँडलला बसवला, त्यात स्टीलची वाटी अडकवली आणि वाटीत खुणेपर्यंत पाणी. दुकानामागच्या गल्लीत, जिथे रस्ता तीनदा खणून दोनदाच बुजवलाय, तिथून सायकल न्यायची आणि किती पाणी सांडलं ते मोजायचं. चालवायची मी. पण माझं वजन चोपन्न आणि काकांचं बहात्तर. शॉक किती दबतो ते बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं, त्यामुळे फरकाचा अठरा किलो कोलम तांदूळ कल्याणच्या बाजारातून आणून, पिशवीत शिवून माझ्या पाठीवर. मी तांदूळ घेऊन खड्ड्यातून चाललोय, काका शेजारून वाटीवर नजर ठेवून धावतायत, आणि गल्लीतल्या बायका खिडक्यांत. काकू एकदा बघायला आलेल्या. म्हणाल्या, "अहो, त्या पोराला कशाला हमाल करताय? तुमचं वजन तुमच्याकडेच आहे की."

काका म्हणाले, "तपासणाऱ्याने नमुन्यात पडायचं नसतं."

एकूण एक सायकल नापास झाली. एकीचा मागचा सांधा वाजत होता, एकीचे ब्रेक पावसात ओरडतील अशी शंका होती, एक पाण्याच्या परीक्षेत जवळजवळ पास झालेली, तर तिचा रंग उन्हात उडेल असं निघालं. शेठ हात जोडून म्हणायचा, "काका, इतक्या वेळात लोक सायकल घेतात, चालवतात, कंटाळतात आणि विकूनसुद्धा टाकतात." काका तेवढंच गंभीर होऊन सांगायचे, घाईचं काम आम्ही कंपनीतही केलं नाही.

माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. तीन वर्षांत काका एकाही सायकलवर बसले नव्हते. सीटला हात लावायचे, उंची मोजायचे, पण पाय कधी टाकला नाही. हे मला कळलं, कारण त्या धडाक्यानंतर मी स्वतः हवेच्या शॉकला हात लावत नव्हतो. कुणी दुरुस्तीला आणला की माझ्याकडे कारण तयार असायचं, वॉल्व्हमध्ये माती आहे, पंपाचा काटा बरोबर दाखवत नाही, उद्या बघू. माझी कारणं आणि काकांची कारणं एकाच घाण्यातली होती. पण हे त्यांना सांगणार कोण? ज्याच्या घरात राहतो, ज्याच्या ताटात जेवतो, त्याला घाबरलात म्हणायची माझी छाती नव्हती.

तेवढ्यात बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. गणपतीच्या आत घरं रिकामी करायची, नवीन टॉवर होईपर्यंत काका-काकूंनी पुण्याला लेकीकडे, नवव्या मजल्यावर राहायचं ठरलं. काका सामान बांधायला लागले, प्रत्येक खोक्यावर लेबल लावून. सायकलचं नाव काढेनात. आता पुण्याहून मलंगगड कुठला? जायचं तर याच दोन महिन्यांत.

त्याच आठवड्यात दुकानात एक फुल सस्पेन्शन विकायला आली. घोडबंदर रोडच्या एका कॉम्प्युटरवाल्याने हौसेने घेतलेली, दोनदा चालवलेली आणि नंतर गॅलरीत टॉवेल वाळत घालायला वापरलेली. सायकल उत्तम, किंमत काकांच्या आकड्यात बसणारी, फक्त मागच्या शॉकचं सील गेलेलं, हवा टिकत नव्हती. म्हणजे उघडायला लागणार. शेठ म्हणाला, बाहेरच्या माणसाला देऊ. मी म्हणालो, मी करतो. आणि म्हणाल्यावर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो. लाल अक्षरं मोठ्याने वाचली. हवा सोडली, आणखी एकदा सोडली, मग झाकण फिरवलं. ते एखाद्या लोणच्याच्या बरणीसारखं निमूट निघालं. नवीन सील घातलं आणि हवा भरली, चोपन्न किलोच्या हिशोबाने नाही, बहात्तरच्या.

रविवारी सकाळी सायकल डोंबिवलीला आणून बिल्डिंगखाली उभी केली. काकांनी चिमटा बसवला, वाटी भरली आणि वर बघून काकूंना हाक मारली, तांदूळ टाका.

काकू गॅलरीत आल्या. "तांदूळ नाही. घर रिकामं करायचंय ना, वॉचमनच्या बायकोला देऊन टाकला."

"सगळा?"

"सगळा," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या.

काकांनी सायकलभोवती एक फेरी मारली. मला वाटलं, आता रंगाचं काहीतरी निघेल. त्यांनी शॉकवर बोट ठेवून विचारलं, "हा कुणी भरला?" मी भरला, म्हणालो. आता ते पंप मागतील, काटा स्वतः बघतील, म्हणून मी पंप पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. पँटचा पाय मोज्यात खोचला आणि बसले. शॉक दबला, बरोबर पाव भाग, जितका दबायला हवा तितकाच.

मी दुकानातली एक सायकल घेऊन मागून निघालो. कल्याण रस्त्यापर्यंत काकांचे खांदे कानांना लागलेले होते, नेवाळी नाक्यापाशी ते खाली आले. कच्चा रस्ता लागला तशी माझीच कंबर दुखायला लागली, पण पुढचे काका दगडांवरून पाण्यावरच्या बदकासारखे चाललेले. आंबा होता तिथेच होता. समोर गड, ढगात अर्धा. काका उतरले, कमरेला हात लावून बघितला, आणि मग चिमट्यातून वाटी काढून गटागटा पाणी प्यायले.

"काका, किती सांडलं ते बघायचं होतं," मी म्हणालो.

त्यांनी वाटी उपडी करून झटकली. "तहान लागलेली रे," म्हणाले.

आता ती बिल्डिंग नाही, पत्र्यांच्या आड खड्डा आहे. मी कल्याणला खोली घेतलीय. काका जाताना लोणच्याच्या सगळ्या बरण्या पुण्याला घेऊन गेले, एक सोडून. माझ्या पहिल्या वर्षाची, ती मला दिली, उघडू नये या अटीवर. सायकलही पुण्याला गेलीय. नवव्या मजल्यावर तिच्यावर सध्या टॉवेल वाळतात, असं काकू फोनवर हळूच सांगतात. वाटी माझ्याकडे दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. मधल्या बजेटवाली गिऱ्हाईकं येतात, फुल सस्पेन्शन घ्यावी की नको म्हणून घोळ घालतात, आणि वाटी बघून हे काय विचारतात. मी सांगतो, हिच्यातलं पाणी सांडलं नाही तर सायकल पास. मग आजवर किती पास झाल्या, असा पुढचा प्रश्न येतोच, आणि मी वाटी उतरवून पुसायला लागतो.

गेल्या रविवारी काकांचा फोन आला. गावाकडचा नव्हता, तरी सवयीने उठून उभा राहिलो. काका म्हणाले, त्या दिवसाचा रिपोर्ट अजून कोराच आहे, मला चैन नाही. "नमुना मीच प्यायलो. तपासणी परत घ्यावी लागणार."

या म्हणालो. वाटी घासून ठेवलीय.