निवृत्ती मागं का राहायचा

निवृत्ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चहाच्या टपरीवर त्याचीच टवाळी करत होतो. खोटं कशाला बोलू. लोक हसत होते, तेवढ्यात त्याचा मेहुणा सायकलवरून उतरला. म्हणाला, "दामूभाऊ, दाजी गेले. दुपारी छातीत कळ आली..." हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं, आवरायचंही सुचलं नाय. मला लिहिता येत नाय. मी बोलतोय अन् माझी थोरली लेक लिहून घेतेय. चुका असतील त्या माझ्या, तिच्या नाय.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. आम्ही दोघं नाशकात पंचवटीत राहायचो अन् ओझरच्या कारखान्याच्या कँटीनात कामाला जायचो. तो पोळ्या करायचा, मी भांडी घासायचो, कारण माझी पोळी कुत्र्यानंसुद्धा हुंगून सोडली होती. दुसरी पाळी सुटली की रात्री आग्रा रोडनं सायकली हाणत घरी. त्याच्या सायकलला डायनामो, पुढं दिवा, मागं लाल बत्ती. माझ्या सायकलला घंटीपण नाय. डायनामो चाकाला लावला की पायडल लय जड जातं, म्हणून मी म्हणायचो, "रस्ता मला पाठ हाय, दिवा कशाला?"

"दाम्या, तुला रस्ता दिसतो रे. मागच्या ट्रकवाल्याला तू दिसतोस का?"

"माझं तोंड बघून त्याला काय मिळणार?"

एकदा आडगाव नाक्यावर हवालदारानं धरलं. दिवा कुठंय म्हणाला. म्हटलं, "साहेब, आत्ताच विझला." त्यानं हँडलवर हात फिरवला, तिथं दिवाच नव्हता. दोन्ही चाकांची हवा सोडली. निवृत्ती बिचारा माझ्यासंगं पंचवटीपर्यंत पायी आला. चालताना डायनामोला काय जोर येणार? तर यानं अंगातला पांढरा सदरा काढून कॅरिअरला बांधला, अन् भर थंडीत बनियनवर, गाड्यांच्या बाजूनं चालला. दुसऱ्या दिवशी माझ्या मडगार्डला मागं लाल काच बसवून दिली, उजेड पडला की चमकणारी. मी काय केलं? थोरली तेव्हा तीन वर्षांची, भातुकलीला पाहिजे म्हणाली, काढून दिली. निवृत्तीनं रिकामं मडगार्ड बघितलं.

त्या दिवसापासून तो माझ्या मागं राहायला लागला. दहा-बारा हात. मी हळू झालो की तोही हळू. मी ओरडायचो, "ये रे कासवा!" दिवसा हाच माणूस मला मागं टाकून जायचा, पण ते ध्यानात यायला अक्कल लागते. मी माझी अक्कल चालवली अन् सगळ्या कँटीनात सांगून टाकलं की निवृत्तीला रातांधळेपणा हाय. नेमकं तेव्हाच त्याचं लग्न ठरत होतं. पोरीच्या बापाच्या कानावर गेलं, अन् म्हातारा घोटीहून चौकशीला आला. मी मोरीत भांड्यांमागं लपलो. काय बोलणं झालं कळलं नाय, पण लग्न झालं. निवृत्ती मला एका शब्दानं बोलला नाय, मीही विचारलं नाय. पुढं कैक वर्षं मी पुढं अन् तो मागं...

गेल्या महिन्यात त्याच्या घरी दुखवट्याला बसायला गेलो. आता त्यांचं घर आडगाव नाक्यापुढं, त्याच आग्रा रोडला हाय. वहिनींची माफी मागायची ठरवलं होतं. म्हटलं, "वहिनी, ती रातांधळ्याची आवई मीच उठवली होती."

"माहिती हाय की, भाऊजी. लग्नाच्या आधीपासून."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडलांनी विचारलं तेव्हा निवृत्ती म्हणाला होता, "डोळे चांगले हायेत, मामा. दाम्याला मागं बत्ती नाय, माझी दोघांना पुरते. पण त्याला सांगू नका. हट्टी हाय, कळलं तर मला पुढं घालील."

वहिनी म्हणाल्या, "बाबा घरी येऊन म्हणाले, दोस्तासाठी जो आपलं हसं करून घेतो, तो आपल्या पोरीला सुखात ठेवील. तुमच्यामुळंच तर लग्न जमलं."

"मग मला कुणी सांगितलं कसं नाय?"

"सांगून ऐकलं असतं तुम्ही?"

मी चहाची कपबशी उचलली अन् मोरीत जाऊन घासून ठेवली.

निघेस्तोवर अंधार पडला. सायकलवर टांग टाकली, सवयीनं तोंडातून "चल रे..." निघालं, अन् मी उतरलो. सायकल हातात धरून कडेकडेनं घरापर्यंत चालत गेलो. मागून ट्रक आला की थांबायचो, तो गेला की चालायचो. त्या रस्त्यावर एवढ्या गाड्या असतात, हे मला एवढ्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.