कापसाच्या खोलीतला माइक

भागवत वाऱ्याला भ्यायचा. मे महिन्यातसुद्धा त्याच्या दुकानातला पंखा बंद असे. जाफराबादला, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर, तोंडाला रुमाल बांधून तो वाकलेला दिसे. खालचे लोक म्हणत, वर एक सोनार बसतो, पण सोनं कधी कुणाला दिसलं नाही.

तो माइक बनवायचा.

आधी त्याने लग्नांत आणि सप्त्यांत भोंगे लावले. मग जालन्याच्या श्रेणिकने, एका मारवाडी व्यापाऱ्याच्या मुलाने, घरात छोटा स्टुडिओ काढला आणि परदेशातून एक माइक मागवला. जुन्या काळच्या स्टुडिओत असत तसाच, पण हल्ली नव्याने घडवलेला. तो बिघडला म्हणून भागवतकडे आला. भागवतने उघडून पाहिला. आत दोन लोहचुंबक होते, आणि त्यांच्या फटीत ताणलेली ॲल्युमिनियमची एक पत्री. केसाहून कितीतरी पातळ. समोर कुणी बोललं की ती हलायची. त्या हलण्याचाच आवाज व्हायचा. बाकी काही नाही.

दुरुस्त झाल्यावर त्याने त्या माइकसमोर हलगी वाजवून घेतली. एरवी हलगी माइकमधून कानात काठी घालते. इथे नुसतं कातडं बोललं. मग त्याने सासूबाईंना गायला बसवलं. त्याची बायको दैवशाला पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऐकत होती. तिने डोळे उघडून मागे वळून पाहिलं. आई खरंच मागे येऊन बसली की काय, असं तिला वाटलं होतं.

श्रेणिक तो माइक घेऊन पुण्याला गेला. भागवतने तसाच आपला एक केला, फुटक्या पाइपाच्या तुकड्यात. तो बरा निघाला. मग आणखी केले. ढोलकीवाले, शाहीर, पुण्याची स्टुडिओवाली पोरं मागू लागली. पत्री तेवढी बाहेरून यायची.

ती पत्री तुटायला एक फुंकर पुरते. आणि या भागात फुंकर मारल्याशिवाय माइकवर कुणी बोलत नाही. सरपंच असो, कीर्तनकार असो, नवरदेवाचा मामा असो, आधी दोन बोटांनी टकटक, मग फू, मग हॅलो. भागवतने उभ्या आयुष्यात हजार फुंकरा ऐकल्या होत्या. आता त्याला त्या स्वप्नात ऐकू यायच्या.

दिवाळीनंतर सगुणाबाईंचा, म्हणजे त्याच्या सासूबाईंचा, घसा दाखवायला सगळे संभाजीनगरला गेले. गाठ स्वरयंत्रावर होती. स्वरयंत्र काढलं तर जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणाले.

"मंग आई बोलणार न्हाई?" दैवशालाने विचारलं.

डॉक्टर हळूच म्हणाले, "पहिल्यासारखं नाही."

सगुणाबाई धावडा गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात पुढे बसायच्या. पण त्यांचं खरं गाणं ओवीचं. ओव्या त्या स्वतः जुळवायच्या, कापूस वेचता वेचता. मोबाइलमध्ये त्यातल्या काही होत्या. दैवशालाने घरी येऊन एक लावली आणि अर्ध्यात बंद केली.

"ही डब्यात कोंडलेली कुणीतरी बाई हाय," ती म्हणाली. "आई न्हाई. तुमच्या त्या माइकात भरून ठेवा आईला."

भागवत हो म्हणाला. मग त्याने सामान तपासलं. घरात एकच तयार माइक होता आणि त्यात शेवटची पत्री होती. नवी यायला वेळ होता. ऑपरेशनला नव्हता.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तो दैवशालासोबत, माइक मांडीवर घेऊन, जीपने धावड्याला गेला. शेजारचा माणूस शिंकला तेव्हा तो त्याच्याकडे असा बघत राहिला, की त्या माणसाने माफी मागितली.

सगुणाबाईंच्या घराची मधली खोली वेचलेल्या कापसाने आढ्यापर्यंत भरली होती. दारापाशी चार माणसं बसतील एवढीच जागा. भागवतने आत टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे मेली. स्टुडिओवाले भिंतींना गाद्या लावतात, पण अशी खोली त्यांना मिळायची नाही. कारागीर म्हणून तो खूश झाला. मग अंगावर काटा आला. त्या खोलीत तोंडातून निघालेला शब्द परत येत नव्हता.

माइकचा आवाज खराब होऊ नये म्हणून त्याने सगळ्यांचे मोबाइल अंगणात टोपलीखाली ठेवायला लावले. माइकपुढे श्वासाचा झोत अडवायला पिठाच्या चाळणीच्या कड्याला ताणलेला जुन्या नायलॉन साडीचा तुकडा उभा केला. मग सगळ्यांना समोर बसवून सांगितलं.

"कोणी फुंकायचं न्हाई. टिचकी न्हाई. खोकला आला तर तोंड फिरवायचं."

"शिंक आली तर?" भुजंगमामांनी विचारलं. हे सगुणाबाईंचे धाकटे भाऊ, मंडळाचे पखवाजी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ते कणीक थापत होते.

"बाहेर जायचं."

"अन् गाताना श्वास घ्यायला परवानगी हाय का आमच्या अक्काला?"

"मामा, मस्करी नका करू."

"मस्करी न्हाई. म्हातारं माणूस हाये, इचारून घेतलेलं बरं."

सगुणाबाई गरम पाण्याचा घोट घेत हसल्या. "पाव्हण्यांना छळू नको रे. तोंड बघ कसं झालं त्यांचं. ऑपरेशन माझं का यांचं, कळंना."

भागवतने कानाला हेडफोन लावला. मामांना लांब, कापसाला पाठ लावून बसवलं, पखवाजाचा दणका पत्रीवर येऊ नये म्हणून. सगळ्यांची तोंडं एकदा नजरेने तपासली. सगुणाबाईंची बोटं मांडीवर होती. त्या बोटांची त्याला जास्त भीती होती. आयुष्यभर त्यांनी टकटक केल्याशिवाय माइक धरला नव्हता. पण त्या शांत बसल्या होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या.

चाळणी सरळ करायला तो पुढे वाकला, तेव्हा माइकच्या जाळीवर त्याला कापसाचा एक तंतू दिसला.

वेचणीच्या दिवसांत या गावांत कापूस कुठेही असतो. चहाच्या कपावर, पापणीवर, देवाच्या तसबिरीवर. हाताने काढला तर चिकटतो. म्हणून सगळे एकच करतात. लहानपणापासून करतात.

भागवतने चाळणी बाजूला केली आणि फू केलं.

हेडफोनमध्ये एकदा टक् झालं. मग काहीच नाही.

तो तसाच वाकून राहिला. त्याला वाटलं, वर पाहिलं नाही तर अजून काही झालेलं नाही. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला. मग दैवशालाचा आवाज, हेडफोनच्या बाहेरून, लांबून आल्यासारखा.

"अहो. तुम्हीच?"

त्याने स्क्रू काढले. पत्री मधोमध तुटून लोंबत होती, भिंतीला चिकटून राहिलेल्या पतंगाच्या पंखासारखी.

भुजंगमामांनी विनोद केला नाही. तेच त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

हत्यारांच्या पेटीत जुन्या रेडिओतले दोन-तीन कंडेन्सर पडलेले होते. सुरुवातीला त्यांच्या पोटातली पत्री काढून त्याने प्रयोग केले होते. ती जाड असते. नीट ताणली नाही तर थरथरते. गाणाऱ्याच्या आवाजात नसलेली थरथर घालते. म्हणून त्याने ती सोडून दिली होती. आता त्याने कंडेन्सर फोडला. पत्री काचेवर पसरली. ब्लेड धरलं. हात असा हलत होता की ब्लेड काचेवर किटकिटलं. एक पट्टी वाकडी गेली. दुसरी फाटली.

"घाई न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या.

"आई, आवाज जपून ठेवा. बोलू नका."

"जपून ठेवून नेऊ कुठं? उद्या तिथं दारातच ठेवून यायचा हाय." त्या जरा थांबल्या. "मलाबी भेव वाटून राह्यलं, पाव्हणं. तुम्हाला एकट्यालाच न्हाई."

आणि त्या गाऊ लागल्या. हळू. माइकसाठी नाही. कापूस वेचताना शेजारच्या सरीतल्या बाईला ऐकू जावं एवढंच.

*धावड्याच्या शिवारात कपाशीला आलं बोंड*
*बाई माझ्या भावाचं गं उन्हानं काळं तोंड*

भुजंगमामांनी मान खाली घातली. पखवाजावर त्यांची बोटं आपोआप पडू लागली, कणकेवर नुसती थाप.

गाठ बसलेल्या घशातून इतका स्वच्छ आवाज कसा येतो, ते भागवतला कळेना. एवढंच कळत होतं की हा आवाज जातो आहे. समोर बसून तो ऐकत होता आणि कापूस तो गिळत होता. माइक उघडा पडला होता. मोबाइल अंगणात होते, त्यानेच ठेवायला लावलेले. थांबा म्हणावं, असं त्याला वाटलं. पण ओवीच्या लयीवर त्याचा हात स्थिर झाला. ब्लेड सरळ गेलं. पट्टी निघाली. त्याने ती दोन दातेरी चाकांतून फिरवून चुणीदार केली आणि श्वास रोखून चुंबकांमध्ये बसवली. ताण बरोबर झाला का, ते बघायला सवड नव्हती.

माइक तयार होईतो सगुणाबाई दमल्या होत्या. पुन्हा त्याच ओव्या घेतल्या. पखवाज लागला. आवाज दोनदा चिरकला. शेवटच्या ओवीला खोकला आला. त्यांनी तोंड फिरवलं, सांगितलं होतं तसं. मग पाणी प्यायल्या आणि उरलेली ओळ पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी त्या संभाजीनगरला गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. त्या घरी आल्या, गळ्याला पट्टी, पट्टीखाली श्वासाचं भोक. खुणेने बोलू लागल्या. भागवत धावड्याला जायचं टाळू लागला. ते रेकॉर्डिंग त्याने एकदाच ऐकलं होतं, एकट्याने. प्रत्येक ओळीच्या टोकाला बारीक थरथर होती. पत्री ढिली बसली होती. आता आवाज परत घेता येणार नव्हता. आपल्या हाताने आपण सासूचा आवाज कायमचा बिघडवून ठेवला, हे दैवशालाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिनेच एक दिवस सगळं सामान उचलून धावड्याच्या जीपमध्ये ठेवलं.

मधल्या खोलीतला कापूस गेला होता. स्पीकर लावला तर पखवाज भिंतींना आपटून घुमला. मग सगुणाबाईंचा आवाज आला. भुजंगमामा दारातच उभे राहिले. सगुणाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. खोकला आला तेव्हा त्यांचा हात पट्टीवर गेला. भागवत स्पीकरकडे बघत नव्हता. तो बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

ओवी संपली. रेकॉर्डिंग बंद करायचं त्या दिवशी राहून गेलं होतं. स्पीकरमधून सगुणाबाई म्हणाल्या, "झालं का, पाव्हणं? श्वास घ्या आता." समोर बसलेल्या सगुणाबाईंचे ओठही त्याच शब्दांवर हलले.

भागवतने स्पीकर बंद केला.

"आवाज थरथरतो," शेवटी भागवत म्हणाला. "पत्री ढिली बसलीय. माझी चूक झाली."

दैवशालाने डोळे पुसले. "पत्रीची न्हाई ती थरथर," ती म्हणाली. "आई भेली होती त्या दिवशी."

त्याने सगुणाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग दोन बोटं उचलून स्पीकरच्या जाळीवर हलकेच टकटक केली, आणि पुन्हा लावा, अशी खूण केली.