पिंपळवंडीच्या ओट्यावरचे गार थेंब

शिवनेरी चढायला निघालेली मी शिवनेरी न चढताच परत आले, हे आधीच सांगून टाकते. किल्ल्याचे फोटो शोधत इथे पोचला असाल तर माफ करा. पण आलाच आहात तर वाचून जा, कारण अजून मला धड झोप लागत नाहीये.

माझी भाची केतकी डोळ्यांची डॉक्टर आहे आणि सध्या काचबिंदूची ऑपरेशनं शिकतेय. जुन्नरच्या एका दवाखान्यात तिच्या सरांनी शनिवारी सरावाचा वर्ग ठेवला होता. "मावशी, तू गाडी चालव, मी रविवारी तुझ्याबरोबर गड चढते," असा सौदा ठरला. पुण्याहून निघणाऱ्यांना एकच सल्ला: पहाटे निघा. चाकणला ट्रकांच्या रांगेत अडकलात तर मिसळीची वेळ टळून जेवणाची वेळ होते. आम्ही वेळेत सुटलो आणि पेठला मिसळ खाल्ली. रस्सा मागाल तितका, पण जपून मागा.

जुन्नरच्या जुन्या बाजारात केतकीने गाडी थांबवायला लावली ती थेट मटणाच्या दुकानासमोर. मला वाटलं, रात्रीच्या जेवणाची सोय चालली आहे.

"भाऊ, आजच्या बोकडांचे डोळे द्या. असतील तेवढे," ती म्हणाली.

दुकानदार सुरी हातात धरून बघतच राहिला. "नुसतं डोळं? अख्खी मुंडी न्या की ताई. डोळ्यात काय खानार?"

"खायला नाही, ऑपरेशन शिकायला."

"आता मटनाच्या दुकानात बी शाळा भरली म्हना की राव!" असं म्हणत त्याने ते पिशवीत घातले. ती पिशवी गाडीत माझ्या डब्याशेजारी ठेवली गेली. डब्यातल्या पोळ्या मी नंतर कुत्र्याला घातल्या.

वर्गात मला कोपऱ्यात उभं राहायची परवानगी मिळाली. थर्माकोलवर टाचलेला डोळा आणि त्यावर मोठी दुर्बीण. सरांनी मला साध्या भाषेत सांगितलं. डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि सतत निचरून जातं. निचरा तुंबला की दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. ऑपरेशनमध्ये पाण्याला बाहेर जायला बारीकशी झडप करून द्यायची. केतकीने ती केली, पाणी आलं, आणि बघता बघता बोकडाचा डोळा हवा गेलेल्या फुग्यासारखा बसला.

"टाके ढिले राहिले," सर म्हणाले. "माणूस असता तर?"

केतकीने दुसरा डोळा थर्माकोलवर टाचायला घेतला. 

मुक्काम जुन्नर तालुक्यातच, पिंपळवंडीला होता. शोभाताईंनी शेतातल्या घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. खोल्या स्वच्छ, भाडं खिशाला झेपणारं, आणि मासवडी अशी की मी बोटं चाटत बसले. "जय भीम, या पावणं," म्हणत त्या पुढे आल्या आणि खांदा धाडकन दाराच्या चौकटीवर आपटला.

"ह्या चौकटीचं आन माझं लई वैर हाय," त्या हसल्या. नंतर शेजारी ठेवलेलं ताटही त्यांच्या पायाने उडालं. मी म्हटलं, "घर तुमचं आहे ना नक्की?" आम्ही दोघी खूप हसलो. ते हसणं आता आठवलं की मला कसंतरीच होतं.

संध्याकाळी आळीतल्या बाया कांदा निवडून आल्या. पाला आणि धुळीने डोळे लालभडक. हातपाय धुऊन सगळ्या ओट्यावर ओळीने बसल्या, माना मागे टाकल्या, आणि शोभाताई बाटली घेऊन एकेकीच्या डोळ्यात थेंब सोडत निघाल्या. शेवटी माझ्यापाशी आल्या. "तुमी बी घ्या. रस्त्याची धूळ लई वंगाळ." थेंब गार होते. डोळे निवले. या ट्रिपमधली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणून हेच लिहायचं, असं मी तिथेच ठरवून टाकलं. केतकी तेव्हा खोलीत सरांशी फोनवर त्या टाक्यांबद्दल बोलत होती.

सकाळी चहा घेताना मी तिला हे सगळं कौतुकाने सांगितलं. तिने कप खाली ठेवला. "बाटली बघू?"

शोभाताईंनी आणून दिली. नाव वाचताच केतकीचा चेहरा उतरला. ते स्टेरॉइडचे थेंब होते. "हे कोणी दिले?"

"सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दिल्यालं. त्यास्नी गुन आला, मंग आमी चालू ठिवलं. संपली की रिकामी बाटली दावायची, मेडिकलवाला देतो."

"आणि तुम्ही रोज घालता? कधीपासून?"

"माझी पोरगी दहावीला व्हती तवापासून. आता तिला पोर झालं."

केतकीने त्यांना अंगणात नेलं, समोर बसवलं आणि तळहाताने त्यांचा उजवा डोळा झाकला. दुसऱ्या हाताची बोटं वर केली. "ताई, किती?"

शोभाताईंनी मान इकडेतिकडे वळवली. मग म्हणाल्या, "अगं, येवढा अंधार का केला?"

अंगणात लख्ख ऊन होतं.  बाईचा एक डोळा गेला होता आणि तिला पत्ताच नव्हता! स्वयंपाक, शेत, पाहुणे, सगळं उरलेल्या डोळ्यावर चाललं होतं, आणि केतकीने बोटं बाजूने आणून पाहिली, तर त्यालाही फक्त समोरचं दिसत होतं. बाजूची चौकट नाही, ताट नाही.

तासाभरात शोभाताईंना घेऊन आम्ही परत जुन्नरला. सरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत दाब भयंकर होता. डाव्याची नस संपलेली, उजव्याची थोडी शिल्लक. थेंब आजपासून बंद, दाब उतरवायची औषधं सुरू, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन. असे थेंब रोज घातल्याने सगळ्यांचाच दाब वाढतो असं नाही, पण कोणाचा वाढेल ते आधी कळत नाही, असं सर म्हणाले. मी माझ्या डोळ्यांबद्दल विचारलं, तर एकदा घातल्याने काही होत नाही म्हणे. मला हायसं वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

"करा आपरेशन," शोभाताई म्हणाल्या. "मंग दिसंल ना?"

सरांनी केतकीला बोलायची खूण केली.

"ताई," केतकी म्हणाली, "गेलेलं परत येत नाही. उरलंय तेवढं राखायचं. ऑपरेशनलाही धोका आहे. पण काहीच केलं नाही तर तेही जाईल."

 शोभाताईंनी विचारलं ते भलतंच. "आन त्या बाया? समद्यांच्या डोळ्यात म्याच घातलंय की वो."

सरांनी सांगितलं, त्यांचेही थेंब बंद, आणि एकेकीला तपासायला आणा. बाहेर आल्यावर सर केतकीला एवढंच म्हणाले, "बोकडाला काही सांगावं लागत नाही. आज तू हेही शिकलीस."

शिवनेरी गाडीच्या काचेतूनच पाहिला.

औषधांनी दाब पुरेसा उतरला नाही. पुढच्या महिन्यात पुण्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सरांनी केलं, केतकी मदतीला होती. त्यानंतरचे काही दिवस वाईट गेले. पाणी जास्त निचरलं, डोळा बसतो की काय अशी वेळ आली, आणि केतकी जेवणाच्या ताटावरून उठून दवाखान्यात पळायची. मग सावरलं. शोभाताईंना आधी दिसायचं तेवढं अजून दिसतं. त्यापेक्षा जास्त नाही.

मला रोज सकाळी खिडकीशी उभं राहून एकेक डोळा झाकून बाहेर बघायची सवय लागलीय. तुम्हीही करून बघा. आणि घरात कोणाच्या तरी जुन्या ऑपरेशनची बाटली असेल तर आजच टाकून द्या.

हे सगळं लिहून काल संपवलं होतं. आज शोभाताईंचा फोन आला. आम्हाला दिसतंय की, म्हणत तपासायला कोणीच गेलं नव्हतं; मधे बंद असलेलं कांद्याचं काम आज पुन्हा सुरू झालं आणि संध्याकाळी बाया सवयीने ओट्यावर येऊन बसल्या, माना मागे टाकून.

"म्या म्हनलं, मान खाली करा, आता थेंब न्हाईत. मंग एकेकीचा डोळा हातानं झाकला आन बोटं दावली. डॉक्टरीणबायनं मला दावली तशी."

"मग?"

"समद्या बराबर बोलल्या. शेवटाला माझी धाकटी जाऊ. ती म्हनली, जाऊबाई, हात कुटं हाय तुमचा?"

मी कागद-पेन ओढलं.

"उद्याच्या पहिल्या एसटीनं तिला घिऊन येते," शोभाताई म्हणाल्या. "केतकीताईला सांगून ठिवा."